तेल कुठून गळतं, ते आधी शोधा



आपल्या भंडारा जिल्ह्यात रोवणी लागली की ट्रॅक्टरला उसंत नसते. पवनी असो, लाखांदूर असो की तुमसर, चिखलणी सगळीकडे एकाच वेळी येते. ज्या बचत गटांनी भाड्याने देण्यासाठी जुना ट्रॅक्टर घेतला आहे, त्यांची कमाईही याच दिवसांतली. अशा वेळी ट्रॅक्टरखाली तेलाचा डाग दिसला की चालक म्हणतो, "जुनी गाडी आहे, गळणारच." मिस्त्री म्हणतो, "इंजिन खोलावं लागेल." दोघांचंही खरं असू शकतं. पण तेल कुठून येतं हे पाहिल्याशिवाय गटाचा पैसा काढू नका.

पहिलं काम रात्रीचं. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा आणि खाली मोठा पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग बघा. काळं तेल म्हणजे बहुतेक इंजिनचं. पिवळसर, घट्ट तेल म्हणजे गिअरचं किंवा हायड्रॉलिकचं. पातळ आणि वासाचं असेल तर ते डिझेल. हिरवं किंवा लाल पाणी असेल तर ते रेडिएटरचं.

डाग जिथे पडतो, तिथेच गळती असते असं नाही. तेल वरून खाली ओघळतं, आणि पंख्याच्या वाऱ्याने मागेही जातं. म्हणून इंजिन थंड असताना ब्रश आणि थोड्या डिझेलने ते पुसून काढा, कोरडं करा. धुण्यासाठी पेट्रोल वापरू नका, जवळ विडी-काडी नको. मग संशयाच्या जागी अंगाला लावायची पावडर भुरभुरा. पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालवा, बंद करा, चावी काढून घ्या आणि मगच वाकून बघा. पावडर जिथे सर्वात वर ओली झाली, तिथे गळतीचं मूळ. इंजिन सुरू असताना हात, पदर, वेणी पट्ट्याजवळ नेऊ नका.

आता वरून खाली येऊ. सर्वात वर टॅपेट कव्हर. त्याखालचं गॅस्केट कडक झालं की तेल पाझरतं. गॅस्केट स्वस्त असतं, पण बोल्ट जोर लावून आवळले तर कव्हरच वाकतं. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळायचे. मग तेलाचा फिल्टर. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी इंजिनलाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की तेल वाहणारच. खाली चेंबरचा नट. त्याचं तांब्याचं वायसर दबलं असेल तर ते बदला. नट जास्त आवळला तर आटे जातात, आणि खर्च वाढतो.

ऑईल सील बदलण्याआधी दोन गोष्टी बघा. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी काडी ओढा. तेल वरच्या खुणेच्या वर आहे का? जास्त भरलेलं तेलही बाहेर पडतं. दुसरं, इंजिनची वाफ बाहेर टाकणारी ब्रीदरची नळी. ती धुळीने किंवा कुंभारमाशीच्या मातीने बुजली तर आतला दाब सीलमधून तेल ढकलतो. नळी साफ करूनही भरणीच्या तोंडातून धुराचे जोरदार झोत येत असतील, तर रिंगा झिजल्या असाव्यात. तेव्हा मिस्त्रीचं म्हणणं खरं, नुसतं सील बदलून भागणार नाही.

आपल्या धानाच्या बांध्यांची एक वेगळी अडचण आहे. चिखलात तणीस, दोरी, तार मागच्या चाकाच्या एक्सलला गुंडाळते आणि सील कापते. मग तेल बाहेर येतं आणि चिखलाचं पाणी आत जातं. गिअरचं तेल दुधाळ दिसलं तर पाणी गेलं समजा. तेल बदला आणि सीलही. ते तेल ब्रेकवर गेलं तर एका बाजूचा ब्रेक लागत नाही, बांधावरून उतरताना ट्रॅक्टर उलटू शकतो. म्हणून रोज संध्याकाळी चाकाजवळची गुंडाळी काढा. ब्रेकवर तेल दिसलं तर दुरुस्तीआधी ट्रॅक्टर रस्त्यावर काढू नका.

काढलेलं जुनं तेल बांधीत, विहिरीजवळ किंवा मामा तलावाच्या काठाला ओतू नका. त्या पाण्यावर धान आणि मासे दोन्ही आहेत. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल मोडतं. झाकणाच्या डब्यात साठवा आणि परवाना असलेल्या गोळा करणाऱ्यालाच द्या. हाताला लागलं तर साबणाने धुवा.

शेवटी, गटाच्या वहीत एक पान ट्रॅक्टरचं ठेवा. तारीख, किती तास चालला, किती तेल टाकलं, पुठ्ठ्यावर डाग कुठे. तेल लवकर लवकर टाकावं लागतंय असं दिसलं की रोवणीची वाट न पाहता दुरुस्ती उरकून घ्या. मिस्त्रीकडे जाताना ते पान सोबत न्या, आणि काढलेलं जुनं सील परत मागून घ्या.