दवंडीला उत्तर देता येते का?



गावात दवंडी पिटली की काय होई, हे तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना सांगायला नको. हलगीचा आवाज आला की हातातले काम टाकून माणसे ओट्यावर येत. साऱ्याची मुदत, लस टोचण्याचा दिवस, ग्रामसभेची वेळ, सारे चार वाक्यांत सांगून दवंडीवाला पुढच्या आळीला जाई. पण दवंडीत एक उणीव होती. तिला उलट प्रश्न विचारता येत नसे. "अहो, पण माझी नोंदच अजून झाली नाही, मी काय करू?" असे कुणी म्हटले, तर तो बिचारा हलगीवाला काय उत्तर देणार?

आज ही दवंडी आपल्या खिशात आली आहे. व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब, आणि 2023 मध्ये ज्याचे नाव बदलले ते ट्विटर, म्हणजे आताचे एक्स, यांना आपण समाजमाध्यमे म्हणतो. मंत्रालयापासून जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत आणि पोलिसांपासून हवामान विभागापर्यंत अनेकांनी तेथे आपली खाती उघडली आहेत. सरकारचा आवाज वाढला, यात शंका नाही. आता त्याचे कानही वाढले का, एवढाच प्रश्न आज आपण विचारू या.

हा प्रश्न नवा नाही, बरं का. 1956 साली पुणे नभोवाणी केंद्राने युनेस्कोच्या साह्याने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन झाली. लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत, आणि आपल्या शंका केंद्राला लिहून कळवीत. त्यांची उत्तरे पुन्हा कार्यक्रमातून मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली, आणि 1959 पासून ही मंडळे देशभर सुरू करण्यात आली. रेडिओ हे एकतर्फी यंत्र खरे. पण मागे बसलेल्या माणसांनी त्याला दुतर्फी केले.

समाजमाध्यम मुळातच दुतर्फी आहे. सुरेश प्रभू 2014 ते 2017 या काळात रेल्वेमंत्री होते. तेव्हा धावत्या गाडीतून प्रवासी ट्विटरवर अडचण लिहीत आणि पुढच्या स्थानकावर मदत पोहोचे. सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री असताना परदेशी अडकलेल्यांना त्या स्वतः उत्तर देत. मुंबई पोलिसांनी डिसेंबर 2015 मध्ये आपले खाते उघडले, आणि हेल्मेटपासून फसवणुकीपर्यंत अनेक गोष्टी थट्टामस्करीच्या भाषेत सांगून लोकांना आपलेसे केले. लोकांना चटकन समजेल असे बोलणे, हेही कामच आहे.

पण मंडळी, याची दुसरी बाजू फार भयंकर आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होती. ना कुणी खातरजमा केली, ना कुणाला विचारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. गेलेले जीव मात्र परत आले नाहीत. खोटी दवंडी खऱ्या दवंडीपेक्षा वेगाने धावते, हा धडा आपण विसरता कामा नये.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे, संदेशावर सरकारी मुद्रा दिसली म्हणून तो सरकारी ठरत नाही. तो त्या खात्याच्या मूळ पानावर आहे का, ते पाहावे. एक्सवरची निळी खूण 2023 पासून पैसे भरून मिळते. सरकारी खात्यांची खूण करड्या रंगाची असते. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने 2019 साली एक तथ्यपडताळणी शाखा सुरू केली आहे. केंद्र सरकारविषयीचा संशयित संदेश तिच्याकडे पाठवता येतो.

दुसरी गोष्ट, इशारा वाचायला शिकावे. हवामान विभाग चार रंग वापरतो. हिरवा म्हणजे धोका नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे तातडीने पावले उचला. कापणी करून शेतात पसरलेले सोयाबीन झाकायचे की नाही, हे ठरवायला हे चार रंग पाठ असलेले बरे.

तिसरी गोष्ट, फोनवर तक्रार लिहिली म्हणजे अर्ज झाला, असे समजू नये. "आपली तक्रार संबंधितांकडे पाठवली आहे" हे उत्तर गोड असते, पण ती पोचपावती नव्हे. कामाचा अर्ज रीतसर द्यावा आणि त्याचा क्रमांक जपून ठेवावा. महाराष्ट्रात 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा त्याने आपला हक्क ठरवला आहे. त्या हक्काला आधार या क्रमांकाचा.

आता थोडे अधिकारी मंडळींना. साहेब, उद्घाटनाची छायाचित्रे टाकावीत, पण खाली विचारलेल्या प्रश्नांकडेही पाहावे. ज्या आजीकडे साधा फोनसुद्धा नाही, तीही तुमचीच नागरिक आहे. तेव्हा मोबाइलवर सूचना टाकली म्हणून चावडीवरचा फळा कोरा ठेवू नका.

आणि गुरुजी, बाई, तुम्हाला एक विनंती. आठवड्यातून एकदा शाळेच्या ओट्यावर गावकऱ्यांना बोलवा. आलेले सरकारी संदेश मोठ्याने वाचा, खरे-खोटे पारखा, शंका कागदावर उतरवा आणि त्या कचेरीला पाठवा. उत्तर आले की तेही सर्वांना वाचून दाखवा. 1956 साली आपल्या वडील-आजोबांनी एका रेडिओभोवती बसून हेच केले होते. आपल्या हाती तर परत बोलणारे यंत्र आहे. आधी ऐकावे, मग चार माणसांत बोलावे आणि मगच पाऊल उचलावे, हा त्यांचा क्रम आपण सोडला नाही, तर दवंडीला उत्तर देता येते.