आधी नोंद, मग रीस्टार्ट

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर आणि पेण, नागोठणे, धाटाव, माणगाव, महाड, अलिबागहून आलेल्या बंधू-भगिनींनो,

कुंडलिकेच्या काठच्या या रोह्यात स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनःपूर्वक स्वागत करतो. पेणकर आणि रोहेकर यांनी मिळून हा मांडव घातला आहे. व्यवस्थेत काही उणं राहिलं तर हक्काने सांगा.

बहुप्रोसेसर संगणकावर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोसळतो तेव्हा कारण कसं शोधायचं, या विषयावर तालुक्याच्या गावी परिषद कशाला, असं काहींनी विचारलं. धाटावच्या एमआयडीसीतले रासायनिक कारखाने घ्या, डोलवीचा पोलाद कारखाना घ्या, नाहीतर आपल्या बाजारपेठेतली बँकेची शाखा घ्या. एकाच कोअरचा संगणक आता कुठे उरला आहे? मध्यरात्री सर्व्हर बसला की पुण्या-मुंबईचा तज्ज्ञ सकाळी पोचतो. तोवर यंत्रापुढे उभे असतो ते तुम्ही. कारण पुढे सापडणार की कायमचं हरवणार, हे त्या काही तासांत तुम्ही काय करता यावर ठरतं.

रोह्याचा या विषयाशी एक जुना धागाही आहे. चिंतामणराव देशमुखांचं बालपण इथे गेलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण १९४५ ते १९६४ या काळात ते इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचेही अध्यक्ष होते. याच संस्थेने १९५५ साली इंग्लंडहून एचईसी-२एम हा संगणक कलकत्त्याला आणला. भारतातला तो पहिला डिजिटल संगणक मानला जातो. पुढे १९९१ साली पुण्यात सी-डॅकने विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ उभा केला आणि त्याच वर्षी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘अनुपम’ चालू झाला. अनेक प्रोसेसर एकत्र राबवण्याची विद्या महाराष्ट्रात रुजू लागली ती याच काळात. आज आठ-आठ कोअर आपल्या खिशातल्या फोनमध्ये असतात.

अडचणही इथूनच सुरू होते. १९९६ च्या लिनक्स २.० मध्ये अनेक प्रोसेसर चालू लागले, तेव्हा कर्नलला एकच मोठं कुलूप होतं. एका वेळी एकच प्रोसेसर आत. सुरक्षित, पण संथ. मग त्या जागी हजारो बारीक कुलपं आली आणि २०११ साली ते मोठं कुलूप पूर्णपणे निघालं. वेग मिळाला आणि त्यासोबत नव्या चुकाही आल्या. त्यातली एक चूक रेल्वेवरून समजेल. रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. वीरपर्यंत दुहेरी मार्ग २०२१ साली झाला, त्यापुढे बराचसा मार्ग अजून एकेरी आहे. समोरासमोरच्या दोन गाड्या ‘आधी तू बाजूला हो’ म्हणून अडून बसल्या तर दोन्ही जागच्या हलणार नाहीत. कर्नलमधला डेडलॉक हाच. एका कोअरकडे पहिलं कुलूप आहे आणि त्याला दुसरं हवं आहे, दुसऱ्या कोअरचं नेमकं उलट. यंत्र गोठतं.

याहून अवघड प्रकार आहे रेस कंडिशनचा. एक कोअर स्मृतीतली नोंद बदलत असताना दुसरा कुलूप न लावताच तिथे लिहून जातो. पडतो मात्र तिसराच, ती बिघडलेली नोंद वाचायला गेलेला! म्हणून मी आग्रहाने सांगतो, पडद्यावर ज्या कोअरचं नाव येतं तो गुन्हेगार असेलच असं नाही. सगळ्या कोअरचे बॅकट्रेस, म्हणजे कोणतं फंक्शन कुठून बोलावलं गेलं त्याची साखळी, बघा, त्या क्षणी कोण कुठलं कुलूप धरून बसला होता ते बघा.

आणि हे बघायचं तर पुरावा हवा. त्याचं सर्वांत मोठं साधन घडवण्यात भारतीय अभियंत्यांचा हात आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. एरिक बीडरमन यांच्या केक्झेकच्या, म्हणजे चालू कर्नलमधूनच थेट दुसरा कर्नल सुरू करण्याच्या सोयीच्या, पायावर आयबीएमच्या विवेक गोयल, हरिप्रसाद नेल्लितीर्थ यांनी केडम्प उभारलं आणि २००५ साली लिनक्स २.६.१३ मध्ये ते आलं. थोडी स्मृती आधीच राखून तिथे दुसरा कर्नल तयार ठेवतात. पहिला कोसळला की बाकीचे कोअर थांबवले जातात, हा दुसरा कर्नल जागा होतो आणि मृत कर्नलची स्मृती जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवतो. तो सहसा एकाच कोअरवर चालवतात, कारण बाकीचे कुठल्या अवस्थेत अडकलेत याचा भरवसा नसतो.

पुरावा हाती आला की यंत्र दर वेळी कुठे पडतं ते बघा. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरात विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रं निळी पडली, मुंबई विमानतळावरही गोंधळ उडाला. वीसच नोंदी पुरवलेल्या असताना कर्नलमधला तिचा ड्रायव्हर एकविसावी वाचायला गेला होता. यंत्रं एकाच ठिकाणी पडत होती, त्यामुळे दोष कोडमध्ये आहे हे लवकर कळलं. तुमचं यंत्र दर वेळी निराळ्या ठिकाणी पडत असेल, तर रेस कंडिशनचा संशय घ्या किंवा हार्डवेअरचा. आपल्या कोकणच्या दमट हवेत आणि वीज सारखी ये-जा करणाऱ्या पावसाळ्यात मेमरीची चाचणी आधी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ती निर्दोष निघाली तर एकाच कोअरवर बूट करून पाहा. क्रॅश थांबला तर संशयाची दिशा कळते, पण एवढ्याने गुन्हा शाबीत होत नाही. एका कोअरवर ती चूक दडून बसते, इतकंच.

तज्ज्ञ वक्ते याहून पुष्कळ खोलात जाणार आहेत, त्यांचा वेळ मी घेत नाही. एवढीच विनंती करतो की परत गेल्यावर आपापल्या सर्व्हरवर केडम्पसारखी, स्मृतीचा डंप घेण्याची सोय चालू आहे का ते बघा. देखभालीच्या ठरल्या वेळी यंत्र मुद्दाम पाडून फाइल खरोखर तयार होते का, हेही तपासा. कर्नल बदलला की पुन्हा तपासा. प्रत्येक क्रॅशची वेळ, संदेश आणि आधी केलेला बदल मराठीत लिहून ठेवा, आणि ती नोंद पेणच्या माणसाने रोह्याला व रोह्याच्या माणसाने पेणला द्या.

पुन्हा एकदा सर्वांचं स्वागत करतो आणि उद्घाटकांनी परिषदेचं कामकाज सुरू करावं, अशी त्यांना विनंती करतो.