ज्यांनी नगर उभारले, त्यांच्या सायंकाळी



१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पवनाकाठच्या माळरानावर कारखान्यांची रांग उभी राहिली. साताऱ्याहून, सोलापुराहून, मराठवाडा-खानदेशातून तरुण आले. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. हे नगर तरुणांच्या पाळीच्या वेळापत्रकावर वसले. रुंद रस्ते वाहनांसाठी होते आणि तिसरा मजला धडधाकट पायांसाठी होता.

ते तरुण आज आजोबा झाले आहेत. नगराची चाल मात्र बदललेली नाही. अनेक जुन्या तीन-चार मजली इमारतींना उद्वाहक नाही. गुडघे थकले की घर हीच कोठडी होते. दूध आणायला खाली उतरणे हीसुद्धा मोहीम ठरते.

रस्ता ओलांडण्याचेच उदाहरण घ्या. पादचारी सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो, असे गृहीत धरून सिग्नलची वेळ ठरविण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. या हिशेबाने २४ मीटरचा रस्ता २० सेकंदांत पार होतो. काठी टेकणारी आजी सेकंदाला ०.८ मीटर चालली, तर तिला ३० सेकंद लागतात. उरलेले १० सेकंद ती वाहनांच्या मध्ये उभी असते. हे १० सेकंद वाढविण्यास कोट्यवधींचा निधी लागत नाही. लागते ती संवेदना.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही नगरांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिने मोकळ्या जागा, वाहतूक आणि निवास यांच्याबरोबरच सन्मान व सामाजिक सहभागालाही स्थान दिले. पितृऋण मानणाऱ्या समाजाला हा विचार परका नाही. प्रश्न आचरणाचा आहे. त्याच वर्षी आपल्या संसदेने मातापित्यांच्या पालनपोषणाचा कायदा केला. तो करावा लागला, हीच अंतर्मुख होण्याची बाब आहे. न्यायाधिकरण निर्वाहाची रक्कम ठरवू शकते. संध्याकाळी शेजारी येऊन बसणारा माणूस ते देऊ शकत नाही.

आर्थिक बाजूही विसरता येणार नाही. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ मध्ये किमान निवृत्तिवेतन ठरले, ते मासिक १००० रुपये. लहान कारखान्यांत उभे आयुष्य घालविलेल्या कामगाराचे औषधपाणी एवढ्यात भागत नाही. म्हणून घराजवळचा दवाखाना, चढण्यास सोपी बस आणि बाजाराच्या वाटेवरील स्वच्छतागृह ही त्याच्यासाठी चैन नव्हे, गरज आहे.

चाकणची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथील कारखानदारी नवी आणि कामगार तरुण. परंतु भोवतालच्या गावांतील वृद्धांची शेतजमीन उद्योगांखाली गेली, अवजड वाहनांच्या गर्दीत पाराकडे जाणारी वाटही असुरक्षित झाली. शिवाय आजचा तरुण कामगार तीस वर्षांनी साठीत असेल. पिंपरीत जे नंतर दुरुस्त करावे लागत आहे, ते चाकणने आजच आराखड्यात घ्यावे: सलग पदपथ, विसाव्याची बाके, तळमजल्यावरील घरे.

शासनाचे काम शासनाने करावेच. पण समाजाने हात बांधून बसू नये. प्रत्येक गृहसंस्थेने आपल्या इमारतीत एकटे राहणारे ज्येष्ठ कोण, याची नोंद ठेवावी. दोन तरुणांनी आठवड्यातून एकदा त्यांच्या दारावर थाप द्यावी. गणेशोत्सव मंडळांनी वर्षभर औषधे आणून देण्याचे काम अंगावर घ्यावे. आणि ज्येष्ठांनाही केवळ सेवेचे धनी समजू नये. ज्याने तीस वर्षे यंत्र हाताळले, तो वस्तीतील मुलांना ते कौशल्य शिकवू शकतो. वानप्रस्थाची कल्पना निरुपयोगी होण्याची नव्हती. संसाराची सूत्रे सोपवून समाजाला मार्गदर्शन करण्याची होती.

या नगराच्या रस्त्यांत, भिंतींत त्यांचा घाम आहे. त्याच रस्त्यावरून त्यांना निर्धास्तपणे चालता यावे, एवढे तरी ऋण फेडण्याचा संकल्प प्रत्येक घराने करावा.