नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत

मुंबईत मरीन ड्राइव्ह दक्षिणेकडे जिथे संपतो, तिथे समुद्राकडे तोंड करून एअर इंडियाची २३ मजली पांढरी इमारत उभी आहे. ती १९७४ मध्ये पुरी झाली. तिच्या खालची जमीन मुळातली नाही. बॅकबेच्या पाण्यात भराव टाकून ती तयार केलेली आहे. या भागाला नाव मिळाले ते खुर्शेद नरिमन यांचे. बॅकबेच्या भराव योजनेतील गैरव्यवहार १९२० च्या दशकात त्यांनीच चव्हाट्यावर आणले होते.

इमारतीचा आराखडा न्यूयॉर्कच्या जॉन्सन-बर्जी या वास्तुरचना संस्थेतील जॉन बर्जी यांचा. शेजारचा एक्सप्रेस टॉवर्स जोसेफ अॅलन स्टाइन यांनी रचला. परदेशी पद्धतीची कचेऱ्यांची उंच वस्ती मुंबईत याच काळात, याच भरावावर उभी राहिली.

अशा इमारतीत भिंती वजन पेलत नाहीत. काँक्रीटचे खांब आणि तुळया यांचा सांगाडा सगळा भार जमिनीपर्यंत नेतो. नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या गावांत जुन्या घराचे छप्पर लाकडी खांबांवर असते आणि कुडाची भिंत नुसता आडोसा करते, तत्त्व तेच. भिंतींवर भार नसल्यामुळे खिडक्या हव्या तेवढ्या ठेवता येतात आणि मजला मोकळा मिळतो. एअर इंडियाच्या इमारतीत एकेक मजला सुमारे १०,८०० चौरस फुटांचा आहे. या सांगाड्याची कठोर परीक्षा १२ मार्च १९९३ रोजी झाली. मुंबईतील बॉम्बस्फोटांच्या मालिकेत या इमारतीखालीही स्फोट झाला आणि माणसे मृत्युमुखी पडली. इमारत मात्र उभी राहिली.

रस्त्यावरून जाणाऱ्या मुंबईकराच्या लक्षात राहिले ते गच्चीवरचे चिन्ह. धनुष्य ताणलेला, अर्धा माणूस अर्धा घोडा असा तो सेंटॉर, म्हणजे धनू राशीचे रूप, कंपनीने आपले बोधचिन्ह म्हणून घेतला होता. कित्येक वर्षे ते चिन्ह मरीन ड्राइव्हवरून ओळखू येई. जाहिरात असूनही ते शहराच्या ओळखीचा भाग झाले. सार्वजनिक कलेकडून याहून वेगळी अपेक्षा कोणती असते?

आत त्याहून मोठे धन होते. एअर इंडियाने १९५० च्या दशकात चित्रे विकत घ्यायला सुरुवात केली. आरंभीच्या खरेदीत नागपूरजवळच्या बेला गावी जन्मलेल्या बी. प्रभा यांची चित्रे होती. हुसेन, गायतोंडे, आरा, रझा यांच्यासह अनेकांच्या कलाकृती पुढे आल्या. काही चित्रकारांना मोबदला म्हणून विमानाची तिकिटे मिळाली. ही चित्रे लंडन, न्यूयॉर्कपर्यंतच्या तिकीट कचेऱ्यांत लागत, आणि परदेशी प्रवाशाला भारताची आधुनिक कला तिथेच पहिल्यांदा दिसे. १९६७ मध्ये साल्व्हादोर दालीने कंपनीसाठी राखदाणी घडवली. तिच्या पायाशी असलेला हंस उलटा धरला की हत्तीचे डोके होतो. दालीने मोबदल्यात हत्तीचे पिल्लू मागितले आणि ते स्पेनला पाठवण्यात आले. संग्रह वाढत वाढत सुमारे ४,००० कलाकृतींपर्यंत गेला. मात्र त्याची नोंद आणि जपणूक सारख्याच काळजीने झाली नाही. काही चित्रे बाहेर गेल्याचे पुढे उघडकीस आले.

कचेरीच्या इमारतीवर लोकांसाठी कला मांडण्याची मुंबईतली परंपरा मात्र याहून जुनी आहे. फोर्टमधील न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत मास्टर, साठे आणि भुता यांनी १९३० च्या दशकात उभारली आणि तिच्यावरची शिल्पे ना. ग. पानसरे यांनी घडवली. विमा कंपनीच्या दारावर त्यांनी शेतात राबणारी आणि घरकाम, हस्तकाम करणारी माणसे उभी केली. ती पाहायला परवाना लागत नाही, ओळखपत्र लागत नाही; पदपथावर उभे राहून मान वर केली की पुरे. एअर इंडियाची कला बहुतेक दाराआड राहिली. वास्तूची उंची मोठी, पण या एका बाबतीत फोर्टमधली बुटकी इमारत पुढे आहे.

एअर इंडियाचे मुख्य कार्यालय २०१३ मध्ये दिल्लीला गेले आणि इमारतीत इतर कचेऱ्या भाड्याने आल्या. चित्रसंग्रह नंतर केंद्र सरकारमार्फत नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टकडे सोपवण्यात आला. इमारत महाराष्ट्र शासनाने १,६०१ कोटी रुपयांना घेण्याचे ठरवले आणि २०२४ मध्ये केंद्राने त्याला मान्यता दिली. जून २०१२ च्या आगीत मंत्रालयाचे वरचे मजले जळाल्यापासून शासनाला जागेची टंचाई भासत होती. मंत्रालय इथून चालत जाण्याइतके जवळ आहे. यापुढे सातपुड्याच्या पायथ्याचा शेतकरीही कामासाठी या दारातून आत जाईल. त्याला थांबावे लागेल त्या दालनाच्या भिंतीवर महाराष्ट्रातल्या चित्रकार-शिल्पकारांचे काम लावणे हे शासनाने आताच, आराखड्यातच, ठरवून टाकावे.