तलावातली जलकुंभी आणि नगरपंचायतीची तिजोरी



  तलावातली जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, काढायला नगरपंचायतीचा पैसा वापरता येतो का? लेखापरीक्षणात आक्षेप निघेल या धास्तीने फाईल पुढे सरकत नाही, आणि तोवर सगळा तलाव झाकून जातो. कोळ्यांचे जाळे बाहेर येत नाही, गुरांना पाणी मिळत नाही, डास मात्र वाढतात.

माझे उत्तर असे : वापरता येतो, किंबहुना वापरलाच पाहिजे.

1961 चा मध्य प्रदेशचा नगरपालिका अधिनियम 2000 साली छत्तीसगड वेगळे झाल्यावरही आपल्याकडे चालू राहिला. आपल्या उतईची नगरपंचायत त्याच कायद्याखाली चालते. त्याचे कलम 123 परिषदेची कर्तव्ये सांगते. नालेसफाई आणि सार्वजनिक उपद्रव दूर करणे यांच्याच ओळीत अपायकारक वनस्पती काढून टाकणे हे कामही तिथे आहे. पुढची गोष्ट त्याहून मोलाची. लोकांच्या वापरातली सार्वजनिक जागा परिषदेच्या मालकीची असो वा नसो, ती साफ ठेवण्याचे कर्तव्य परिषदेचेच आहे. म्हणून ‘तलाव महसूल खात्याचा, आम्ही का खर्च करावा?’ हे कारण माझ्या मते टिकत नाही.

याच कलमावर रतलामचा खटला उभा राहिला. उघड्या गटारांनी आणि दुर्गंधीने हैराण झालेले नागरिक दंडाधिकाऱ्यांकडे गेले. पैसा नाही, असे नगरपालिकेचे म्हणणे होते. 1980 साली सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने ते फेटाळले. कायद्याने नेमून दिलेले कर्तव्य निधीच्या अभावाची सबब सांगून टाळता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. आपल्या प्रत्येक कार्यालयात तो निकाल हाताशी असायला हवा.

काही अधिकारी 2022 च्या वन्यजीव कायद्यातील दुरुस्तीकडे बोट दाखवून हा केंद्राचा विषय असल्याचे सांगतात. परकीय आक्रमक प्रजातींची व्याख्या तिने कायद्यात आणली आणि त्यांची आयात, व्यापार, प्रसार यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्राला दिला, हे खरे. पण निर्बंध घालणे वेगळे आणि आपल्या गावचे पाणी साफ करणे वेगळे. पहिल्याने दुसरे रद्द होत नाही. बंगालने तर 1936 मध्येच जलकुंभीसाठी स्वतंत्र कायदा केला होता आणि ती काढण्याची जबाबदारी जागा ज्याच्या ताब्यात असेल त्याच्यावर टाकली होती. आपल्याकडे ती सार्वजनिक संस्थेवर आहे, आणि मला ते अधिक न्याय्य वाटते.

खरी अडचण हद्दीची आहे. कलम 123 नगरपंचायतीच्या हद्दीपुरते बोलते. उतईभोवती गावे आहेत, आणि पावसाळ्यात वरच्या गावच्या तलावातली जलकुंभी नाल्याने वाहत खाली येते. हद्दीबाहेर परस्पर खर्च केला तर आक्षेप येईल आणि तो योग्यच असेल. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव, नगरपंचायतीचा ठराव आणि जिल्हाधिकाऱ्यांची मान्यता हे तिन्ही कागद कामाआधी तयार हवेत, बिल आल्यावर नव्हेत.

दुसरी अडचण बिलाचीच. जलकुंभीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. ओल्या वजनावर टनाने दर ठरवला की आपण पाण्याचे पैसे मोजतो. दर साफ झालेल्या क्षेत्रावर ठरवा, कामाआधी आणि नंतर मोजणी करा, आणि काही महिने तलाव मोकळा राखण्याची अट करारात घाला. तिचे बी चिखलात अनेक वर्षे जिवंत राहते, त्यामुळे एकदा उपसले की संपले असे होत नाही.

आणि ती फोफावते ती आपल्याच सांडपाण्यावर. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात स्थानिक संस्थांच्या अनुदानाचा साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला, तो या वस्तुस्थितीशी जुळणारा आहे. तलावात उतरणारी गटारे वळवण्याआधी जलकुंभी काढण्याची निविदा निघत असेल, तर तो खर्च कायदेशीर ठरेल, पण मी त्याला विरोध करीन.

एक ठराव या अधिवेशनापुढे ठेवतो. प्रत्येक नगरपंचायतीने अंदाजपत्रकात अपायकारक वनस्पतींसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, त्यात कलम 123 चा उल्लेख करावा आणि खर्चाचा हिशेब तलावाच्या घाटावर फलक लावून लोकांना दाखवावा. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा करून मतदान घ्यावे, ही विनंती.