धाप नाही म्हणजे धोका नाही, असं नव्हे



नाशिक आणि मालेगाव यांच्यामध्ये आपलं चांदवड. एप्रिल २०२० मध्ये मालेगावात कोरोना पसरला, तेव्हा इकडेही भीती होती: दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही. त्या भीतीपोटी लोक घरीच थांबायचे. म्हणून हा आजार फुप्फुसात काय करतो, ते मी आज सांगणार आहे.

न्यूमोनिया, सेप्सिस, मोठा अपघात, बुडणं, अशा कारणांनी फुप्फुसाच्या वायुकोशांत पाणी भरतं आणि फुप्फुस ताठ होतं. याला डॉक्टर ‘एआरडीएस’ म्हणतात. त्याचं पहिलं वर्णन १९६७ मध्ये १२ रुग्णांवरून झालं. मूळ कारण घडल्यावर आठवड्याच्या आत तो होतो. रुग्ण धापा टाकतो, घरच्यांना ते दिसतं.

कोरोनात तीन गोष्टी वेगळ्या दिसल्या. एक, वेळ. पहिल्या लक्षणानंतर बहुधा आठ-दहा दिवसांनी प्रकृती ढासळते, म्हणजे घरचे निर्धास्त झाल्यावर. दोन, काहींचा ऑक्सिजन ८० च्या आसपास आला तरी ते नीट बोलत असत. धाप मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यावर किंवा फुप्फुस ताठ झाल्यावर जाणवते. सुरुवातीला हे दोन्ही नसू शकतं. तीन, फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्यांचं प्रमाण बरंच जास्त.

उपचार मात्र पुष्कळसे तेच: ऑक्सिजन, पालथं झोपवणं, व्हेंटिलेटरवर छोटे श्वास. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना फायदा झाला नाही. म्हणून मेडिकलमधून आणून घरीच स्टेरॉइड घेऊ नका.

अम्मी-अब्बूंना कोरोना झाला, तर ‘दम लागतो का?’ एवढंच विचारून थांबू नका. दिवसातून तीन-चार वेळा ऑक्सिमीटर लावा. सहा मिनिटं चालल्यावरही आकडा बघा. ९४ च्या खाली आला की दवाखाना.

दवाखान्याची भीती अगदीच निराधार नव्हती. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि किमान २२ रुग्ण दगावले. पण त्यावर इलाज दवाखाना टाळणं नाही. आपल्या तालुक्यात ऑक्सिजनच्या खाटा किती, टाकीची तपासणी कोण करतं, हे नागरिक म्हणून आपण विचारायला हवं. साथ नसते, तेव्हाच हे विचारायचं असतं.