रक्तातील चरबी आणि स्मृतिभ्रंश



वडीलधाऱ्यांस विस्मरण होऊ लागले की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण मोकळे होतो. आम्हांस हे पटत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात अ‍ॅलन रोझेस ह्यांच्या पथकाने १९९३ साली दाखविले की, कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकाचा ‘एप्सिलॉन चार’ हा प्रकार अल्झायमरचा धोका वाढवितो. तो असणाऱ्या प्रत्येकास रोग जडतोच असे नाही. तेव्हा स्थळे पाहताना हा नवा कुलदोष कोणी हुडकू नये, ही आमची कळकळीची विनंती.

कोणास कोणते जनुक मिळावे ही निसर्गाची सोडत; आहारविहाराचा तीत संबंध नाही. म्हणूनच ती पुराव्यास बळकट. ब्रिस्टल व कोपनहेगन येथील संशोधकांनी २०२५ साली १० लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली. कोलेस्टेरॉल जन्मतःच कमी ठेवणारे काही जनुकभेद ज्यांस लाभले, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका कमी आढळला. ‘लॅन्सेट’च्या आयोगानेही २०२४ साली वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल टाळता येण्याजोग्या कारणांत घातले, आणि तेही मध्यम वयातील! समोर बसलेल्या चाळिशीच्या मंडळींनी वडिलांबरोबर स्वतःचेही रक्त तपासून घ्यावे. औषधाचा निर्णय मात्र डॉक्टरांचा.